निर्मला धुळ्याला जायची तो उन्हाळा

भिजत घातलेल्या ज्वारीला तिसऱ्या दिवशी जो वास येतो, तो ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचा नाही. आंबूस म्हणावं तर पुरता आंबूस नाही, ताकाचा म्हणावं तर ताकाचाही नाही. आज सकाळी तो शेजारच्या गच्चीवरून आला आणि मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकीशी गेले. होळी होऊन गेली, उन्हं तापायला लागली, म्हणजे बिबड्यांचे दिवस आलेच. ह्या वासानं कुणाला माहेर आठवत असेल, कुणाला आई आठवत असेल. मला माझी जाऊ आठवते. आणि खरं सांगते, इतकी वर्षं झाली तरी जीव जळतोच.

खानदेशाबाहेरच्या माणसाला बिबडे म्हणजे काय हे सांगावं लागतं. ज्वारी भिजवायची, वाळवायची, भरडायची. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात तिखट, लसूण, तीळ, मीठ टाकायचं आणि भरड वैरून घोटत बसायचं. घोटता घोटता खांदा भरून येतो. हा शिजलेला घाटा वाटीत घेऊन, वर कच्चं तेल ओतून गरम गरम खायचा, ती तर खरी मजा. उरलेला ओल्या धोतरावर हातानं थापायचा, गोल आणि पातळ. धोतर खाटेवर, खाट उन्हात. दुसऱ्या दिवशी कापडाला मागून पाणी लावलं की बिबडा अलगद सुटून येतो. ज्याचा हात चांगला त्याचा बिबडा उन्हाकडे धरला तर पलीकडचं दिसतं.

माझा हात चांगला होता. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, भडगावात कुणालाही विचारा. आमच्या आळीत कुणाकडे बिबडे असले की आधी मला निरोप यायचा. "अक्का, सकाळीच या बरं का. तुमना हात लागला की मंग माले काळजी नही." मी जायची. आज तिच्याकडे, उद्या माझ्याकडे, परवा तिसरीकडे, असा सगळा उन्हाळा चालायचा. कुणी घोटायचं, कुणी थापायचं, कुणी कावळे हाकायचे. एकच गोष्ट दुसरीनं करायची नाही, ती म्हणजे मीठ. मीठ ज्या घरचे बिबडे त्या घरच्या बाईनंच घालायचं. दुसरीनं मिठाच्या बरणीला हात लावला तर घरमालकीण तोंडानं काही बोलायची नाही, पण पुढच्या वर्षी निरोपही पाठवायची नाही. आणि कुणाचे बिबडे कसे झाले असं विचारलं तर सगळ्यांनी म्हणायचं, चांगलं शे. खारट असो, अळणी असो, चांगलं शे. घरी परतताना वाटेत काय बोलायचं ते बोलायचं.

आता निर्मला. माझ्या धाकट्या दिराची बायको. चाळीसगावची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, दहावी पास. मराठी बोलायची ती पुस्तकातल्यासारखी. "अक्का, आपण असं करूया का?" असं म्हणायची. आमच्याकडे 'करूया का' असं कुणी विचारत नसे, करून मोकळं होत असत. स्वभावानं गरीब, कामाला नाही म्हणायची नाही, पण हात? देवा. तिनं थापलेला बिबडा म्हणजे चाळणी. ठिकठिकाणी भोकं. मी तिच्या खाटेवरून जाता जाता बोटानं भोकं बुजवत जायची आणि मनातून फार सुखी असायची.

मी स्वतः शाळेत गेले नाही. मुलं अभ्यासाला बसली की मी भाकरी थापता थापता त्यांच्या पुस्तकात डोकावायची. असं करत करत अक्षरं लागली, मग वाचायला लागले, मग हे असं लिहायलाही लागले. मला शिकवलं असं म्हणावं असा माणूस एकही नाही. तेव्हा ह्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते त्या उन्हाळ्यात.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. गावोगाव तेव्हा बायकांचे गट निघत होते. आमच्याही आळीतल्या आणि नदीकडच्या आळीतल्या बायका मिळून बिबडे-पापडांचा एक संघ झाला. घरोघरी प्रत्येकीनं वेगळं करून वेगळं विकायचं, व्यापारी पाडून भाव मागणार, त्यापेक्षा ज्वारी एकदम घ्या, माल एकदम द्या, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. पण दोन्ही आळ्यांतलं वाकडं सगळ्या गावाला ठाऊक. नदीकडच्या आळीत ठगूबाई होती. उंच, काळीसावळी, हातात दोन-दोन गोट, आवाज असा की गिरणा नदीच्या पात्रात उभी राहून बोलली तर आम्हाला इकडे ऐकू यावं. तिचाही हात नामी. तिला वाटायचं तिचे बिबडे पहिले, मला वाटायचं माझे.

उद्योग खात्याचे एक साहेब आले. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती. ते म्हणाले, "असे संघ आपल्या भागात पुष्कळ होताहेत. धुळ्याला मिरची कांडणाऱ्यांचा आहे, जळगावला चटई विणणाऱ्यांचा आहे, पिंपळनेरकडे बांबूच्या टोपल्यावाल्यांचा आहे. पण संघ मोडतात कुठं? तर तो चालवणारं माणूस तयार नसतं म्हणून. तेव्हा धुळ्याला दर शनिवारी एक वर्ग सुरू करतोय. संघ चालवणाऱ्यांसाठीच. तुमच्यातली एक बाई द्या. तीच तुमची मॅनेजर."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अगदी ठगूबाईसुद्धा, नाक मुरडून का होईना, माझ्याकडेच बघत होती. मी पदर सारखा केला.

साहेब पुढं म्हणाले, "दहावी झालेली असली पाहिजे."

झालं. सगळ्या माना वळल्या. निर्मला माझ्या मागं बसली होती, कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन. ती घाबरून म्हणाली, "मी? मला बिबडे पण नीट येत नाहीत हो." साहेब हसले. "बिबडे करायला नाही पाठवत तुम्हाला, ताई."

मग दर शनिवारी पहाटे तिची तयारी सुरू. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात चपला, त्या आदल्या दिवशीच पुसून ठेवलेल्या. मी अंगणात सडा टाकत असायची, मुद्दाम वाटेवरच. ती कडेकडेनं, साडी उचलून जायची आणि म्हणायची, "येते अक्का." मी म्हणायची, "ये." ह्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. रस्त्यात कुणीतरी तिला हटकायचं, "कोठे चालनी वं इतली सकाळमा?" आणि ती म्हणायची, "धुळ्याला, वर्ग आहे." वर्ग आहे! पोरांसारखा! मला ते दोन शब्द हातातल्या बादलीपेक्षा जड व्हायचे.

आमच्या ह्यांना मी एकदा म्हटलं, "तिला बिबड्यातलं काय कळतं?" हे पेपर वाचत होते. म्हणाले, "तुला कळतं ना? मग झालं की." 

संध्याकाळी ती यायची ती एसटीच्या धुळीनं माखून, चेहरा लाल, डोळे मात्र चमकत. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसायची आणि बोलायला लागायची. मी चुलीपुढं, तिच्याकडे पाठ करून. भाकरी जरा जोरात थापायची म्हणजे तिला वाटावं मी ऐकत नाही. पण पाठीला काय कान नसतात? माझी पाठ सगळं ऐकायची.

"अक्का, सर म्हणाले, दुकानाच्या मॅनेजरचं सोपं असतं. तो हुकूम सोडतो. संघात सगळेच मालक. इथं हुकूम चालत नाही, फक्त विचारता येतं. म्हणून विचारायला शिका."

मी भाकरी उलटली.

"आणि अक्का, भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवायचं नाही म्हणे. एकाच बाजूला बसवायचं आणि काम समोर ठेवायचं. मग ते एकमेकांकडे न बघता कामाकडे बघतात."

मी चुलीत काटकी सारली.

"आणि चालवणाऱ्यानं आपलं मत सगळ्यात शेवटी सांगायचं. आधी सांगितलं की बाकीचे गप्प होतात."

एकदा तर हसत हसत आली. वर्गात त्यांना नाटक करायला लावलं होतं. मिरचीवाल्यांचे एक नाना, पांढऱ्या मिशांचे, त्यांनी रागावलेल्या सभासदाचं काम केलं आणि निर्मलानं त्यांची समजूत काढायची. नाना इतके खरे रागावले की त्यांना ठसका लागला. सगळा वर्ग हसला म्हणे. निर्मला सांगता सांगता पुन्हा हसत होती आणि मी पीठ मळत होते. एका ओळीत बाकं, त्यावर बसलेली मोठाली माणसं, समोर फळा, आणि कुणीतरी एक माणूस आपल्यासाठी घसा कोरडा करतोय. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. तिच्या साडीचं, पिशवीचं, मॅनेजर ह्या नावाचंही मला फारसं काही वाटत नव्हतं, आता कळतं. मला ते बाक हवं होतं.

वर्गातून शिकून तिनं पहिली बैठक घेतली आमच्याच अंगणात. सगळ्या घरांचे बिबडे तळून ताटात मांडले आणि म्हणाली, "आपल्याला सगळ्या मालाची चव एक करायची आहे. तर खाऊन बघूया आणि कोणती चव ठेवायची ते ठरवूया का?"

बायकांनी खाल्ले. ताट फिरलं. मग एकीनं सांगितलं, चांगलं शे. दुसरी म्हणाली, बठ्ठं, सगळंच चांगलं शे. ठगूबाईनं माझा बिबडा खाल्ला, घटकन पाणी प्यायली आणि म्हणाली, "मस्त शे." मी तिचा खाल्ला. म्हटलं, "वा." निर्मला एकेकीचं तोंड बघत राहिली. चाळीसगावची पोर, तिला काय माहीत की आमच्याकडे तोंडावर कुणी कुणाच्या मिठाचं उणं काढत नाही. बैठक उठली. रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडच्या बायका जे बोलायला लागल्या ते घरात ऐकू येत होतं. निर्मलानं रिकामी ताटं उचलली आणि विहिरीशी बसून घासत राहिली. मी मदतीला गेले नाही. मी खाटेवर पडून बिबडा खात होते आणि तो बिबडा मला कधी नव्हे इतका चविष्ट लागला.

उन्हाळा म्हणजे भडगावात कसा, सांगू? दुपारी गल्लीत कुत्रंही फिरत नाही. पत्रे तडतडतात. नदीकडून येणारा वारा वाळू घेऊन येतो आणि ओल्या बिबड्यांवर ती बसू नये म्हणून वर जुनी पातळं पसरायची. हाताला सगळीकडे लसणाचा वास, केसांत धूर. आज इथं मुलाच्या घरी पंख्याखाली बसून ते दिवस आठवते तर त्या उन्हाची सावलीच जास्त आठवते. लिंबाखाली बायका पाय पसरून बसलेल्या, कुणाचं तरी बाळ ओल्या फडक्यावर निजलेलं. आणि ह्या सगळ्यात मी कुठल्याशा कोपऱ्यात आतल्या आत धुमसत.

वर्गाच्या शेवटून दुसऱ्या शनिवारी निर्मला धुळ्याला गेली होती. त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या संघाबद्दल बोलायचं होतं. नेमका त्याच सकाळी संघाचा माल घेऊ म्हणणाऱ्या जळगावच्या व्यापाऱ्याचा माणूस दारात. रविवारी येणार होता तो एक दिवस आधीच आला. बारीकसा, छत्री घेतलेला. म्हणाला, "शेठजींनी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत एक चव ठरवा. प्रत्येक पाकिटाला चव बदलली तर गिऱ्हाईक आमच्या अंगावर येतं. नाही ठरलं तर आम्ही दुसऱ्या तालुक्यात बोलणी करतो. संध्याकाळच्या गाडीनं मला परत जायचंय."

मॅनेजर धुळ्याला. फोन कुठला त्या काळी. बातमी दोन्ही आळ्यांत पसरली आणि घटकाभरात अंगण भरलं. प्रत्येकीच्या हातात आपापल्या बिबड्यांची पिशवी. नदीकडच्या बायका तुळशीच्या बाजूला, आमच्याकडच्या ओट्याच्या बाजूला. ठगूबाई म्हणाली, "मंग? ठरावा ना आते."

सगळ्या आपापल्या पिशव्या उघडायला लागल्या. आणि मला दिसलं की आता पुन्हा ताट फिरणार, पुन्हा चांगलं शे, आणि तो छत्रीवाला उठून चालायला लागणार. संघ गेला असता. निर्मलाचा वर्ग फुकट गेला असता. हे मनात आलं तेव्हा आतून जरा गार वाटलं हे खरं. पण त्याच्याच मागून दुसरं मनात आलं. तिला हे आलं नाही. मला येतंय का बघू.

मी उठले आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. म्हटलं, "ठगूबाई, इकडे ये. घोटायला माणूस पाहिजे." ती बावचळली. आमच्या चुलीशी ती आयुष्यात बसली नव्हती. पण कामाला बोलावलं की नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ती आली. एका बाजूला ती, तिला लागून मी, समोर पातेलं. भरड वैरली, दोघींनी मिळून घोटली. तिखट, लसूण, तीळ सगळं घातलं. झाकण ठेवलं, उतरवलं, वाट्या भरल्या, वर तेल ओतलं आणि सगळ्यांच्या हातात दिल्या.

पहिल्या घासालाच एकीचं तोंड वाकडं झालं. दुसरीनं तिच्याकडे बघितलं. 

ठगूबाईनं घास गिळला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पातेल्यात साप शिजवला. "अक्का," ती म्हणाली, "मीठ टाकाले भुली ग्यात का वं?"

"कसा झालाय?" मी विचारलं.

"कसा म्हनजे! अळणी शे!"

"मंग तुम्ही सांगा की कसा पाहिजे."

आणि एकच हशा उठला. भडगावातल्या सगळ्यात चांगल्या हाताचा घाटा अळणी! सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. तिखट बरोबर आहे, लसूण थोडा जास्त झाला, तीळ अजून हवे. कुणाला कुणाची भीड नाही. तोंडावर बोलायला मिळालं ते माझ्याच पातेल्याबद्दल, आणि मीच बोलायला लावलं होतं.

मग मी मिठाची बरणी उचलली आणि ठगूबाईपुढं ठेवली. "टाक."

बायका हातातल्या वाट्या खाली ठेवून बघायला लागल्या. छत्रीवाल्याला काय झालं ते कळेना, तो ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसला. ठगूबाईचा हात पुढं येईना. "अक्का, तुमनं घर शे," ती हळू म्हणाली. तिचा आवाज इतका हळू निघतो हे मला त्या दिवशी कळलं.

"माझं घर आहे म्हणून तर सांगते. टाक."

तिनं चिमूट टाकली. भीतभीत, देवावर अक्षता टाकाव्यात तशी. मी घोटलं. बरणी आमच्या आळीतल्या बाईकडे दिली, तिनंही टाकली. मग नदीकडची. मग पुन्हा इकडची. प्रत्येक वेळी सगळ्यांनी चाटून बघायचं. थोडं अजून, थोडं अजून, आणि मग एकदम चार-पाच जणी म्हणाल्या, "बस!" ठगूबाईही म्हणाली, "बस, आते टाकू नका." उरलेलं मीठ मोजून घेतलं की किती गेलं ते कळतंच. छत्रीवाल्यानं दोन वाट्या चापल्या आणि मान हलवली.

मी माझं मत शेवटी सांगायचं म्हणून थांबले होते. माझ्या मते मीठ अजून कणभर हवं होतं. पण शेवट आला तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. सगळ्या कशा खुशीत होत्या! नदीकडच्या बायका ओट्यावर, आमच्याकडच्या तुळशीपाशी, सगळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या. त्या चवीत कणभर कमी पडलं ते अजूनही कमीच आहे. दुकानातलं पाकीट फोडलं की माझ्या जिभेला ते कळतं.

आणि मग जाताना ठगूबाई दारात थांबली. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "निर्मलाताईनी बरं शिकाडं वं तुमले. धुयानं पानी दिसनं आज."

घ्या. धुळ्याचं पाणी म्हणे! अळणी घाटा माझा, चूल माझी, मिठाची बरणी माझी, घरात दुसरीला हात घालू द्यायची छाती माझी, आणि नाव निर्मलाचं. त्या दिवशी माझा जेवढा जळफळाट झाला तेवढा तिच्या इस्त्रीच्या साडीनंही कधी झाला नव्हता. बरं, खोटं म्हणायचीही सोय नाही. ठगूबाईला शेजारी बसवणं, आपलं मत शेवटी ठेवणं, हे पाठीनं ऐकलेलंच होतं की. पण मीठ न घालता शिजवणं? ते कुठल्या सरांनी सांगितलं होतं? ते कुठल्या फळ्यावर होतं?

संध्याकाळी निर्मला आली तेव्हा तिला गल्लीच्या तोंडाशीच बायकांनी सगळं सांगितलं. ती धावत घरात आली. उंबऱ्याशी न बसता सरळ माझ्या शेजारी, चुलीपाशी बसली. "अक्का, कसं केलंत हो? मला त्या बैठकीत जमलंच नाही. तुम्हाला मीठ न घालायचं कसं सुचलं?"

मी म्हटलं, "जमलं आपलं."

"असं नाही. नीट सांगा ना. आधी काय विचार केलात, मग काय केलंत. मला सरांना सांगायचंय."

सरांना! म्हणजे माझी ही युक्ती त्या वर्गात जाणार, त्या फळ्यावर चढणार, आणि बाकावर बसून सांगणार ती. मी चुलीवरची कढई उतरवली आणि म्हटलं, "जेवून घे. दमली असशील."

निर्मलानं पुढं कितीतरी वर्षं संघ चालवला. चांगला चालवला, मी खोटं बोलणार नाही. ठगूबाईही तिला मॅडम म्हणायची. नव्या बायकांना ती शिकवायची, आणि शिकवता शिकवता अळणी घाट्याची गोष्ट सांगायची म्हणे. 'आमच्या अक्कांनी' अशी सुरुवात करून. पण ते सुचलं कसं हे तिला सांगता यायचं नाही, कारण ते तिला माहीतच नाही. आता ती जळगावला मुलाकडे असते. दर उन्हाळ्यात ज्वारी भिजली की तिचा फोन येतो. तब्येत, नातवंडं, पाणी आलं का, सगळं झालं की हळूच विचारते, "अक्का, ते तुम्हाला सुचलं कसं हो?" आणि मी म्हणते, "आता कुठं आठवतंय." सगळं आठवतं.

हे लिहिताना लक्षात येतंय की हे छापून आलं तर ती वाचणार. ती सगळं वाचते, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. वाचू दे.

तर ऐक निर्मला. तोंडावर कुणी कुणाच्या मिठाचं उणं काढणार नाही, हे तुझ्या बैठकीत मी बघितलं होतं. मग खाटेवर पडल्या पडल्या मनात आलं होतं की ह्यांना बोलतं करायचं असेल तर ज्याला कुणी वाईट म्हणायला धजत नाही अशा हातानं स्वतःच वाईट करून पुढं ठेवलं पाहिजे. तसा हात गावात एकच होता, म्हणून तुला ते जमलं नसतं, आणि म्हणून मी तुला ते तेव्हा सांगितलं नाही. एवढंच होतं ते. आता गावी गेलीस की तुझ्या बायकांना नीट सगळं सांग. आणि कुणी विचारलं की हे कुठं शिकलात, तर धुळ्याला म्हणू नकोस. माझं नाव सांग.